कोट न शिवणारा शिंपी

समुद्रावर, ६ मार्च

प्रिय बटण,

तुला आशीर्वाद, भावोजींना नमस्कार. पाय कसा आहे? प्लॅस्टरच्या आत खाज सुटली की तू विणकामाची सुई घालतेस, हे तुझ्या लेकीने मला निघायच्या आधीच सांगितलंय. घालू नकोस. सुई आत राहिली तर डॉक्टर काढतील, पण मग जन्मभर सगळ्यांचं ऐकून घ्यावं लागेल. लहानपणी गिळलेलं बटण अजून तुझ्या नावाला चिकटलंय, तेवढं पुरे.

मी ठीक आहे. पहिले तीन दिवस जहाज हललं की माझं पोटही हलायचं, आता सवय झाली. खोली आपल्या दुकानाच्या ट्रायल रूमपेक्षा जरा मोठी. खिडकी गोल, उघडत नाही. कपाटातले हँगर दांडीलाच पक्के केलेत, कोणी ढापू नयेत म्हणून. चाळीस वर्षं कपडे टांगण्यात गेली, पण असा अविश्वास मी पहिल्यांदा पाहिला. तुझा पलंग रिकामा आहे. त्यावर मी माझे कपडे पसरून ठेवते, म्हणजे खोलीत पसारा करणारी कोणीतरी आहे असं वाटतं.

जेवायच्या टेबलावर माझ्यासमोर एक निवृत्त मुख्याध्यापिका बसतात. बाई छान आहेत, पण त्यांच्या जॅकेटचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. मी गेले दहा दिवस तो खांदा बघत जेवतेय.

आता बेटाचं. चौदा तारखेला जहाज एका बेटापाशी आठ तास थांबणार आहे. रोज सकाळी एक बाई मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवून पुढच्या बंदराची माहिती सांगतात. आज त्यांनी बेट दाखवलं. मधोमध जुना ज्वालामुखी, भोवती एकच रस्ता, दुपारी अर्धा तास पाऊस, मग पुन्हा ऊन. किनाऱ्याजवळ पाणी उथळ आणि खाली प्रवाळाचे खडक, म्हणून जहाज लांब उभं राहतं आणि लहान बोटींतून माणसं नेतात. लोकांनी माशांचं विचारलं, पोहण्याचं विचारलं. मी हात वर करून विचारलं, तिथल्या हवेत सुया किती दिवसांत गंजतात. सगळे वळून बघायला लागले. मग विचारलं, तिथे शिंपी किती आहेत. बाई म्हणाल्या, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं, चौकशी करून सांगते.

तू म्हणशील, ताईला एकाएकी बेटाचं वेड कुठून लागलं. एकाएकी नाही लागलेलं. आपण दोघींनी जायचं ठरवलं तेव्हा हे जहाज मी निवडलं, आणि तुला सांगितलं की इथलं जेवण चांगलं असतं. जेवण खरंच चांगलं आहे, पण कारण ते नव्हतं. कारण ते बेट होतं, आणि तुला काही न सांगता तिथे न्यायचं माझ्या मनात होतं. तू बाथरूममध्ये घसरलीस आणि सगळा बेत फिसकटला.

चार वर्षांपूर्वी आपल्या दोऱ्यांच्या एजंटने मला सांगितलं होतं की फिरत फिरत तो एका बेटावर गेला, तर तिथे आपल्यासारख्याच नाकाचा एक शिंपी बसलेला. नाक काय, कोणाचंही असतं. मी हसून सोडून दिलं. पण बेटाचं नाव विचारून घेतलं, आणि ते दुकानाच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवलं.

बटण, तिथे आपला दादा असावा असं मला वाटतं. पत्र बाजूला टाकू नकोस. त्याचा विषय मी काढायचा नाही, हा तुझा नियम मी एकोणतीस वर्षं पाळला. फोनवर हे सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला दोन वाक्यं सलग बोलू देत नाहीस. जहाजावर पत्राची पेटी आहे, ती थेट बेटावरच रिकामी होते. म्हणजे पत्रं तुला एकदमच मिळतील. तुला काय, पुढचं पाकीट फोडलं की झालं. जीव टांगणीला लागलाय तो माझा.

तुझी ताई


समुद्रावर, ९ मार्च

प्रिय बटण,

पाय उशीवर ठेव आणि वाच. गोष्ट मजेची आहे, निदान अर्धी तरी.

आमच्या टेबलाचा वाढपी पन्नाशीचा, उंच माणूस आहे. आज दुपारी माझा रुमाल खाली पडला म्हणून मी वाकले, तर त्याच्या पँटचा काठ मोज्यात अडकून उलटा झालेला. आतली तुरपाई माझ्या डोळ्यांसमोर. मी वर यायचंच विसरले.

"बाई, काही सांडलं का?" त्याने विचारलं.

"नाही. पाय जरा इकडे करा."

"काय?"

"पाय हो. ही पँट कोणी शिवली?"

मुख्याध्यापिकांनी चमचा खाली ठेवला. शेजारच्या टेबलावरचे दोघे बोलायचे थांबले. वाढपी बिचारा एका हातात सूपचं भांडं धरून एका पायावर उभा, आणि मी चष्मा कपाळावर ढकलून त्याच्या पायाशी. टाके उलट्या बाजूला झुकलेले, डावखुऱ्या माणसाचे. आणि दर चौथ्या टाक्याला गाठ. बाबांनी आपल्या तिघांना तसं शिकवलं होतं, एका ठिकाणी दोरा तुटला तरी तेवढंच उसवावं म्हणून. तू दुसऱ्या आठवड्यात कंटाळून पळालीस. मी उजव्या हाताची. तशा गाठी मारणारा डावखुरा आपल्या घरात एकच.

"बेटावरच्या म्हाताऱ्याने शिवली," वाढपी म्हणाला. "आम्ही सगळे तिकडेच देतो. सकाळी दिली की जहाज सुटायच्या आत तयार. काही चुकलंय का?"

"काही चुकलं नाही. कसा आहे तो?"

"कसा म्हणजे? बारीक आहे. चष्मा दोरीने बांधलेला. बोलत नाही फारसा. कापड हातात घेतलं की आधी त्याचा वास घेतो."

"घरात कोण कोण आहे?"

"मांजर आहे."

मग मी विचारलं, "कोट कसे शिवतो?" का विचारलं ते मला ठाऊक होतं. तुलाही लवकरच कळेल.

"कोट नाही शिवत. आमच्या कप्तानांनी मागे लागून पाहिलं. म्हणाला, शर्ट सांगा, पँट सांगा, पडदे सांगा, कोट मला येत नाही."

"येत नाही म्हणाला?"

"हो. कधी शिकलोच नाही म्हणाला."

सूप निवलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुमचा चेहरा उतरलाय, जरा पाणी प्या. मी प्याले. दादाला कोट येत नाही म्हणे. पाठीला बाक आलेले ते वकील आठवतात? त्यांना दादाचा कोट घातला की ते ताठ दिसायचे, आणि कोट काढायला नको म्हणून घरी जेवायलाही तसेच बसायचे. गावातली लोकं आधी दादाची तारीख घ्यायची आणि मग लग्नाची तारीख काढायची. तो माणूस म्हणतो, शिकलोच नाही.

संध्याकाळी वाढप्याला गाठून मी त्याचं डोकं खाल्लं. दुकान किती मोठं, मशीन पायाचं की विजेचं, दारात उजेड कुठून येतो, मांजर कोणत्या रंगाचं. त्याने कागदावर नकाशा काढून दिला. धक्क्यावरून सरळ, मासे ठेवायची शेड, मग पोस्ट, पोस्टासमोर निळं दार. मशीन पायाचं आहे. मांजर पिवळं आहे. तोंडात टाचण्या धरून तो अजून गुणगुणतो का, हे मात्र वाढप्याला सांगता आलं नाही. म्हणाला, बाई, मी पँट द्यायला जातो, गाणं ऐकायला नाही.

माहिती सांगणाऱ्या बाईही आज भेटल्या. चौकशी केली म्हणाल्या, बेटावर शिंपी एकच आहे.

तुझी ताई


समुद्रावर, १२ मार्च

बटण,

आज सकाळपासून तीनदा कागद घेऊन बसले आणि तीनदा उठून डेकवर फेऱ्या मारल्या. मुख्याध्यापिकांचा खांदासुद्धा उसवून नीट करून दिला. आता करायला काही उरलं नाही, म्हणून लिहिते.

तुझ्या लग्नातला भावोजींचा कोट दादाने कापला नव्हता. मी कापला होता.

हवं तर पुन्हा वाच.

आपल्या दुकानात मापांच्या दोन वह्या होत्या. पुरुषांची काळी वही दादाची, बायकांची लाल वही माझी. मी अंगाचं नेमकं माप लिहायचे आणि कपडा किती सैल हवा ते कापताना धरायचे. दादाची पद्धत उलटी. तो माप लिहितानाच सैलपणा मिळवून लिहायचा. त्याच्या वहीत छाती बेचाळीस असेल तर माणसाची छाती अडतीस. त्याच्या शेजारी दहा वर्षं बसून हे मला पाठ असायला हवं होतं. पण काळ्या वहीवरून मी कधी कापलंच नव्हतं, कारण कोटाच्या टेबलाला तो मला हात लावू द्यायचा नाही.

लग्नाच्या आधी चार दिवस तो तापाने पडला. भावोजी परगावी होते, एकदा माप देऊन गेलेले, लग्नाच्या दिवशीच येणार होते, म्हणजे ट्रायल नाही. कापड टेबलावर पडून होतं. दादा मला अंथरुणातून दोनदा म्हणाला, "कोटाला हात लावू नकोस, मी उठलो की करतो." मी लावला. मलाही कोट येतो हे मला दाखवायचं होतं. बेचाळीस वाचलं आणि माझ्या सवयीने त्यात आणखी चार इंच मिळवले. खांद्यात, बाहीत, कमरेत, सगळीकडे तसंच. शिवताना मला शंका आली होती, हेही लिहून टाकते. कोट मोठा वाटत होता. मनाला म्हटलं, मुलगा दिसतो त्यापेक्षा भरलेला असेल.

लग्नाच्या सकाळी दादा उठून बसला आणि म्हणाला, "बघू तरी कसा झालाय." मी म्हटलं, उशीर झालाय, इस्त्री करून पाठवला.

पुढचं तुला माहीत आहे. खांदे दंडांवर लोंबत होते, बोटं बाहीत गडप झाली होती. आधी कोणाचं तरी पोर हसलं, मग भावोजी स्वतःच हसले. दादाचा या लग्नाला विरोध होता हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. 'मुलगा फार हसतो' हे त्याचं कारण तूच सगळीकडे सांगून टिंगल केली होतीस. तुझे सासरे मोठ्याने म्हणाले, "बहिणीच्या लग्नाचा राग असा काढायचा असतो का?" दादाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कापडावर डाग पडला की तो आधी डाग केवढा आहे ते बघायचा, तसं पाहिलं. आणि म्हणाला, "कोट मीच कापलाय."

मुद्दाम कापला, असं तो कधीच म्हणाला नाही. ते तुम्ही धरून चाललात. तू म्हणालीस, आजपासून मला भाऊ नाही. मी तुझ्यापासून दोन हातांवर उभी होते, तुझी ओढणी सारखी करत होते.

त्या संध्याकाळी मी त्याला विचारलं, असं का केलंस. तो म्हणाला, "तू कापलास हे कळलं असतं तर तुझ्या हातात परत कोणी कोटाचं कापड दिलं नसतं. माझं काय, मी चार कोट आणखी शिवले की लोक विसरतील. आणि बटणचा राग महिनाभरात उतरेल." तुझा राग त्याला नीट माहीत नव्हता. त्याने पाठवलेली भेट तू न उघडता परत केलीस, दारात आला तेव्हा आतून कडी घातलीस. सहाव्या महिन्यात त्याने जहाजावर शिंप्याचं काम धरलं. जाताना मला म्हणाला, "दुकान बघ." बस, तेवढंच.

मी का बोलले नाही? आधी वाटलं, तुझं नवीन लग्न आहे, आत्ता नको. मग तुला दिवस गेले. मग बाळंतपण, मग बाबा गेले, मग तुझ्या लेकीच्या परीक्षा. प्रत्येक वेळी कारण चांगलंच सापडायचं. पण खरं कारण वेगळं आहे, आणि ते लिहिताना माझी मलाच लाज वाटते. दादा गेल्यावर कोटाचं टेबल माझं झालं. मी कोट शिकले, चांगले शिकले, लोक लांबून यायला लागले, आणि मला ते फार आवडलं. तो परत आला असता तर ते टेबल त्याला द्यावं लागलं असतं. तुला खरं सांगितलं असतं तर तू त्याला परत बोलावलं असतंस. म्हणून मी तोंड उघडलं नाही. तू दुकानात येऊन त्याला नावं ठेवायचीस, आणि मी तुझ्यासाठी चहा मागवायचे.

मी निघायच्या आधी, तू घसरलीस त्या दिवशी, हॉस्पिटलमध्ये ढकलखुर्चीत बसवताना तू म्हणालीस, "दादा असता तर त्याने मला उचलून नेलं असतं." एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा तू त्याला दादा म्हणालीस. आणि लगेच भिंतीकडे तोंड केलंस. तुला वाटलं मला ऐकू आलं नाही. मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी नर्सला विचारलं, प्लॅस्टर किती दिवस ठेवायचं.

ताई


बेटासमोर, १४ मार्च, सकाळी

बटण,

जहाज थांबलंय. आवाज बंद झाला तशी मला जाग आली. इतके दिवस खालून येणाऱ्या घरघरीची सवय झाली होती, ती थांबल्यावर कानच बंद पडल्यासारखे वाटले.

बेट चित्रातल्यासारखं हिरवं नाही. आधी नुसता ढग दिसला, मग ढगाखाली काळपट डोंगर, मग किनाऱ्याची पांढरी रेघ. वारा तिकडून येतोय आणि त्याला ओल्या मातीचा आणि धुराचा वास आहे. कोणाच्या तरी चुली पेटल्या असणार. पाणी इथे तीन रंगांचं आहे, आणि तिन्हींपैकी एकाही रंगाचं कापड मी आजवर पाहिलेलं नाही. लहान बोटी खाली सोडताहेत. मला तिसऱ्या बोटीचा नंबर मिळालाय. वाढपी सकाळीच भेटला, त्याच्या हातात दोन पँट. म्हणाला, बाई, चला, मी दाखवतो. त्याला म्हटलं, तू पुढे हो.

भीती वाटेल असं मला वाटलं होतं. वाटतेच आहे, पण त्याहून उत्सुकता जास्त आहे. त्याचे केस राहिलेत का? तो मला ओळखेल का, की आधी माझ्या कपड्यांची शिलाई बघेल? निळं दार त्याने स्वतः रंगवलं असेल का? निळा रंग त्याला कधीच आवडायचा नाही. एवढे प्रश्न मला शाळेतसुद्धा पडले नसतील.

माझा बेत असा होता की आधी त्याला भेटायचं, माफी मागायची, आणि मग ही पत्रं त्याच्या समोरच्याच पोस्टात टाकायची. म्हणजे शेवटी तुला एक चांगली बातमी तरी देता आली असती. आज बटणं लावता लावता माझ्या लक्षात आलं की तो काय म्हणेल हे मला अक्षर न अक्षर माहीत आहे. तो आधी मला स्टुलावर बसवेल. मग म्हणेल, "एवढ्या वर्षांनी आता कशाला? तिला उगाच त्रास. नको सांगूस, आपल्या दोघांतच राहू दे." आणि बटण, मी मान डोलवेन. डोळे पुसेन आणि मनातून सुटल्यासारखी होईन. पत्रं फाडून समुद्रात टाकेन, तुझ्यासाठी शंख-शिंपल्यांची माळ घेईन, आणि दादा मला दुसऱ्यांदा वाचवेल. पहिल्यांदा तो स्वतःहून बोलला, मी नुसती गप्प राहिले. आज मी गप्प राहायचीच परवानगी मागायला निघाले होते, हे मला आत्ता कळतंय.

म्हणून पत्रं आधी जाणार. पेटी जिन्याच्या तोंडाशी आहे, नऊ वाजता माणूस येऊन ती रिकामी करतो. आत्ता पावणेनऊ झालेत. पेटीत टाकल्यावरच मी बोटीच्या रांगेत उभी राहीन, आणि त्याला पहिलं वाक्य हेच सांगेन की बटणला सगळं कळवलंय. मग तो रागावला तरी चालेल, त्याने मला स्टूल दिलं नाही तरी चालेल.

आता तुझं. तुला माझ्यावर जेवढं चिडायचं असेल तेवढं चीड, त्यात मी काही कमी कर म्हणणार नाही. तुझ्या घरी मी पुन्हा येऊ की नको, तेही तूच ठरव. फक्त एक कर, आधी त्याला लिही. त्याच्या नावापुढे बेटाचं नाव आणि 'पोस्टासमोर, निळं दार' एवढं लिहिलंस तरी पोचतं म्हणे. तो सत्तरीचा आहे. एकोणतीस वर्षं तो तुझ्या लेखी मेलेला आहे, आणि त्याने केलं काय, तर माझी चूक आपल्या अंगावर घेतली. चार ओळी लिही. त्याला 'दादा' म्हण, हॉस्पिटलात म्हणालीस तसंच.

आणि माझ्या पत्राला उत्तर लिहावंसं वाटलं नाही, तर नको लिहूस.

तुझ्या नवऱ्याचा कोट कापणारी,
ताई